घुबडाखालचं नाव

मित्रांनो, मला उडता येत नाही, मान मागं फिरवता येत नाही आणि उंदीर मी आजवर फक्त खिचडीच्या तांदळाच्या पोत्यापाशी पाहिले आहेत. तरीही मी घुबड आहे. ताडकळसच्या बाजाराला सायकलवर जाऊन येता येईल अशा एका गावात, शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी ऑइल पेंटनं काढलेलं जुनं घुबड. माझा उजवा पंख ओलीनं पोपडला आहे आणि चोचीचा पिवळा रंग उन्हानं पांढरट पडला आहे. डोळे मात्र अजून शाबूत आहेत, आणि ते मिटायची सोय पेंटरनं ठेवली नसल्यामुळं समोरचं सगळं मला पाहावंच लागतं.

मला पप्पू पेंटरनं काढलं. पप्पूचा हात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसलेला. मोर, गुलाब, मालकाच्या मुलांची नावं, हे सगळं तो गप्पा मारत काढायचा. घुबड मात्र त्यानं जन्मात काढलं नव्हतं. धम्मपाल सरांनी मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा तो दचकलाच.

"सर, शाळेवर घुबड? लोक मला गावात पाय ठिवू देनार न्हाईत."

"काढ तू. खाली जे लिहायचंय ते वाचलं की खूश होतील," सर म्हणाले.

"लोकायला विंग्रजी वाचता आलं असतं तर तुमची बदली हितं कशाला झाली असती?" असं पुटपुटत पप्पूनं डबा उघडला.

त्यानं डोळ्यांपासून सुरुवात केली आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा करून ठेवला. पंख संपेपर्यंत तपकिरी रंगही संपला, म्हणून मी निळ्या फांदीवर बसलो आहे. समोरच्या लिंबाच्या झाडाला एकही निळी फांदी नाही, हे मी नंतर कितीतरी दिवस निरखून पाहिलं. तेव्हापासून मला शंका घ्यायची सवय लागली.

माझ्या एका बाजूला हत्ती काढला आणि दुसऱ्या बाजूला कोल्हा. प्रत्येकाखाली इंग्रजीतली एक ओळ, आणि ओळीखाली काळ्या रंगाची पट्टी. सरांनी पाचवीच्या मुलांना ओळीनं बसवून समजावून सांगितलं. इंग्रजी बोलणारा माणूस एखाद्याच्या डोक्याचं कौतुक करायचं असलं की जनावर शोधतो. ऐकलेलं विसरत नाही त्याला तो हत्ती म्हणतो. अडचणीतून वाकडी वाट काढतो त्याला कोल्हा म्हणतो. आणि जो खरा शहाणा, शांतपणे पाहून विचार करणारा, त्याला म्हणतो 'ॲज वाइज ॲज ॲन आऊल', म्हणजे घुबडाइतका शहाणा. मुलं इतकी हसली की विरेश नावाचा मुलगा मागच्या मागं पडला.

सरांनी मग खेळ ठरवला. दर सोमवारी पट्ट्यांवर खडूनं नावं लिहायची. ज्याला कविता सगळ्यात चांगली पाठ, तो हत्तीखाली. ज्यानं गणित आपल्या युक्तीनं सोडवलं, तो कोल्ह्याखाली. माझ्याखाली नाव यायचं ते आठवड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारणाऱ्याचं. उत्तर देणाऱ्याचं नाही, विचारणाऱ्याचं. हे ऐकून मला स्वतःविषयी भलताच आदर वाटू लागला. पण पाठोपाठ प्रश्नही पडला, की मी असं काय केलं आहे? टाकीच्या नळाला थेंब धरलेला असतो, तो कधी पडेल याकडं मी दिवसभर पाहत बसतो. एवढ्यानं कुणी शहाणं ठरत असेल तर ठरो बापडं.

भांडणं पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. विरेशचं नाव कोल्ह्याखाली आलं आणि त्याची आई शाळेत आली. "माझं लेकरू लबाड हाय असं भिंतीवर लिवायला तुमाला सरकार पगार देतंय का?" तिनं विचारलं. सरांनी तिला सांगितलं की इंग्रजीतला कोल्हा जरा हुशारीकडं झुकलेला असतो. ती म्हणाली, "मंग तेला तिकडंच झुकू द्या." विरेशनं मात्र ती पट्टी पुसू दिली नाही. शाळा सुटल्यावरही तो आपल्या नावापुढं उभा राहायचा.

कोल्ह्याच्या पलीकडं बैल यायचा होता. इंग्रजीत मठ्ठ माणसाला बैल म्हणतात, तेही मुलांना कळावं असं सरांना वाटलं. शाळेसमोरच्या किराणा दुकानातून मल्लिकार्जुनअप्पा सावकाश चालत आले. कपाळावर विभूतीची आडवी बोटं, गळ्यात लिंग, खांद्यावर पंचा. रंगाचे डबे त्यांनीच आपल्या दुकानातून दिले होते, कारण गावच्या लेकरांना इंग्रजी आलं पाहिजे असं त्यांना मनापासून वाटायचं. ते सरांना म्हणाले, "सर, आमच्या घरात नंदीच्या कानात सांगितल्याबिगर कोनतं शुभकाम होत न्हाई. तेला तुमी येडा म्हनून भिंतीवर बसवनार?" सरांनी बैल रद्द केला. तिथं आता तालुक्याचा नकाशा आहे.

अप्पांची नात महेश्वरी पाचवीतच होती. सावळी, दोन वेण्यांची, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं एकटक पाहणारी. एका शनिवारी तिनं विचारलं, "सर, हत्ती विसरत न्हाई हे इंग्रजायला कसं कळलं? तेंच्याकडं हत्ती होते कुटं?" सर खूप वेळ हसले आणि म्हणाले की याचं उत्तर मलाही शोधावं लागेल. सोमवारी माझ्याखालच्या पट्टीवर ठळक अक्षरांत तिचं नाव आलं. मला फार आनंद झाला. अशी मुलगी आपल्या पायाशी असावी असं कुणालाही वाटेल.

त्याच आठवड्यात महेश्वरी तापानं आजारी पडली.

तापाची साथ होती, घराघरात कुणी ना कुणी पडलेलं होतं. पण महेश्वरीचा ताप उतरेना. तिला परभणीला नेलं, तिथं टायफॉइड निघाला, सलाईन लावलं. इकडं टाकीवर घागरी भरणाऱ्या बायकांमध्ये हळू आवाजात बोलणं सुरू झालं. तेव्हा मला माझ्याविषयीच्या गोष्टी पहिल्यांदा कळल्या. घुबडापुढं कुणाचं नाव घेऊ नये म्हणतात. घुबड ते नाव धरून ठेवतं आणि एकटं बसून घोकतं. ते जसजसं घोकतं तसतसं ते माणूस झिजत जातं. आणि सरांनी तर नाव नुसतं घेतलं नव्हतं, लिहून दिलं होतं.

मित्रांनो, मी काही घोकलं नव्हतं. मला घोकता आलं असतं तर समोर रोज म्हटले जाणारे पाढे तरी आले असते. पण गंमत पाहा, इतक्या जणींच्या तोंडून ऐकल्यावर माझाच माझ्यावर भरवसा राहिना. मी आत आत शोधून पाहिलं, कुठं 'महेश्वरी' म्हणून काही अडकलं आहे का. पप्पूनं दिलेले रंगाचे दोन हात सोडले तर आत विटा होत्या.

महेश्वरी बरी होऊन घरी आली. वाळली होती, पण दुकानाच्या पायरीवर शेंगा खात बसलेली ती मला दिसली. शाळेत मात्र ती येईना. सर दुकानात गेले. दुकान समोरच असल्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"अप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय ना, पोरगी ठणठणीत आहे."

"डॉक्टरनं ताप काढला, ते मान्य हाय. पन नाव तर तिकडंच ऱ्हायलं ना, सर?"

"गावात बोलणं सुरू झालं त्याच दिवशी मी पट्टी पुसली. हवं तर उद्या घुबडावर चुना मारतो."

अप्पा एकदम उभे राहिले. "चुना मारू नका! नाव पोटात घिऊन ते चुन्याखाली गप बसलं तर मंग मागायचं कुनाकडं? बारका पिंगळा असता तर मी काई बोललो नसतो, तेला चांगलं भविष्य कळतंय. हे थोरलं घुबड हाय." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्यावर राग न्हाई, सर. पोरगी तितं पडलेली असताना मी रातभर तिच्या पायाला हात लावून बसलो व्हतो. आता पुना धोका घेनं मला जमंना. दिवाळी झाली की तिला चारठान्याला मामाकडं ठिवतो. तितं बी शाळा हाय."

म्हणजे मला पुसायचंही नाही आणि ठेवायचंही नाही. मधली वाट म्हणून कुणीतरी माझ्यावर खताचं रिकामं पोतं टांगलं. हत्तीखाली आणि कोल्ह्याखाली दर सोमवारी नावं येत राहिली. मी पोत्याच्या विणीतून पिवळट उजेड पाहत राहिलो. मला शहाणा म्हणणारं कुणी उरलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ते पोतं वर झालं. खाली कडूबाई उभी होती.

कडूबाई महेश्वरीच्या बाकावर बसणारी. आता असं नाव कुणी ठेवत नाही, म्हणून मुलं तिला चिडवायची. नावामागची गोष्ट गावाला माहीत होती. तिची आई सविता हिची आधीची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी ही मुलगी झाली तेव्हा सवितानं तिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरण आलं तरी तोंड वाकडं करून परत जाईल. पुढं तर तिनं मुलीचं कौतुक करायचंही सोडून दिलं. पालकसभेत सर एकदा म्हणाले होते, "तुमची मुलगी डोक्यानं चांगली आहे," तर सविता घाबरून म्हणाली, "कशाची चांगली, सर, ठोंब्या हाय निस्ता," आणि मुलीचा हात धरून निघून गेली. त्या वेळी कडूबाईची मान खाली गेली होती. सगळ्यांसमोर आईनं ठोंब्या म्हटलेलं कुणाला आवडेल?

तर ती कडूबाई माझ्या मोठ्या डोळ्याकडं बघत होती. भीती नव्हती, निरखणं होतं. मग ती तडक सरांकडं गेली. सर टाकीपाशी डबा धूत होते.

"सर, घुबडाखाली माझं नाव लिवा."

"का गं?"

"माझं नाव कडू हाय. तेनं तोंडात धरलं की थुकून टाकंल. तेच्यासंगं महेश्वरीचं बी बाहिर पडंल."

सर हसले नाहीत. ते तिच्यासमोर खाली बसले. "कडूबाई, हे सगळं खोटं आहे. ते चित्र आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही. मी असं केलं तर मी ते खरं मानलं असं होईल."

"तुमी नका मानू," ती म्हणाली. "पन अप्पा मानत्यात. ताप आता महेश्वरीला न्हाईच, सर. अप्पाला हाय."

सरांनी डबा खाली ठेवला. नळ वाहत होता. तो बंद करून ते म्हणाले, "पण तिथं नाव प्रश्न विचारणाऱ्याचं लिहितात. फुकट नाही लिहीत."

कडूबाईनं थोडा विचार केला. "मंग सांगा. तिकडं मान्सायनी घुबडाला शहानं ठरिवलं, हिकडं मान्सायनी वंगाळ ठरिवलं. घुबडाला कुनी इचारलं का?"

मित्रांनो, पप्पूनं ब्रश खाली ठेवला तेव्हापासून मी वाट पाहत होतो की कुणीतरी हे विचारावं. मला पापण्या असत्या तर मी त्या वेळी नक्की मिटल्या असत्या.

सरांनी पोतं काढून खाली टाकलं आणि पट्टीवर लिहिलं, कडूबाई.

बातमी शेतापर्यंत जायला किती वेळ लागतो? कापूस वेचायला गेलेली सविता तशीच पळत आली. कमरेची ओटी कापसानं भरलेली, पायात चप्पल नाही. ती आली ती थेट सरांवर.

"सर, लोकायचं लेकरू वाचवायला माझंच घावलं व्हय तुमाला? दोन मातीत घातलीत मी! हे एक कसंबसं ऱ्हायलंय!"

तिचा आवाज चिरका झाला होता. वर्गातली मुलं खिडकीशी गोळा झाली. सरांनी फडकं उचललं आणि ते पट्टीकडं वळले.

"पुसू नका, सर," कडूबाई म्हणाली आणि आईसमोर येऊन उभी राहिली. "माय, तू माझं नाव कडू कामून ठिवलंस?"

"तुला म्हाईत हाय."

"मी टिकावं म्हनून ना? मंग मी टिकले ना? का तुजं तुलाच खरं वाटंना?"

आयुष्यभर ज्याच्यावर हवाला ठेवला तेच पोरीनं सविताच्या पुढं धरलं होतं. ते खोटं म्हणावं तर इतकी वर्षं कशाच्या आधारावर झोपले, आणि खरं म्हणावं तर हे नाव इथं राहू द्यावं लागणार. ती मटकन खाली बसली, माझ्याच पायाशी. ओटीतला कापूस ओट्यावर सांडला.

"पुसू नका मंग," ती शेवटी म्हणाली. "पन मी बी हितून हालनार न्हाई."

आणि ती खरंच हलेना. सोमवार आला तरी सरांनी ते नाव बदललं नाही. सविता सकाळी वेचणीला जायची, पण दुपारपासून शाळेत येऊन बसायची. कधी सुपात तूर घेऊन निवडायची, कधी नुसतीच माझ्याकडं पाहायची. इतकं टक लावून मला आजवर कुणी पाहिलेलं नाही. दर सुट्टीत पालथा हात कडूबाईच्या कपाळाला लावायची. समोर अप्पा तराजू हातात धरून गिऱ्हाइकाऐवजी इकडंच बघायचे. एकदा कडूबाई शिंकली तर शाळेतली घंटा वाजवणारा थांबला, टाकीवरच्या बायका थांबल्या आणि अप्पांच्या हातून साखर सांडली. कडूबाईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "फळ्याची धूळ गेली नाकात." सगळे पुन्हा कामाला लागले.

मी त्या दिवसांत जे केलं ते सांगतो. काहीच केलं नाही. फक्त मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत राहिलो, ही पोरगी धडधाकट राहो. भिंतीला प्रार्थना करता येते की नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

कडूबाई धडधाकटच राहिली. खिचडी दोनदा घेत होती, लंगडीत मुलांना बाद करत होती, आणि तिच्या अंगावर थोडं मांसही चढलं. मग एका सकाळी प्रार्थनेच्या आधी अप्पा रस्ता ओलांडून आले. एका हाताला महेश्वरी होती, वेण्यांना नव्या रिबिनी. अप्पा माझ्यासमोर थांबले, माझ्याकडं एकदा वर पाहिलं आणि मग कडूबाईला जवळ बोलावलं. कागदाच्या पुडीतली विभूती त्यांनी बोटावर घेतली आणि नातीच्या नाही, कडूबाईच्या कपाळाला लावली.

"तुज्या नावानं माझ्या नातीला सोडवून आनलं गं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"आजोबा, मला ताप टायफॉइडचा व्हता," महेश्वरी म्हणाली.

"व्हय, व्हय. पन तो डॉक्टरचा भाग झाला," अप्पा म्हणाले, आणि चारठाण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. सर मागं उभे होते. ते महेश्वरीशी सहमत होते, पण त्या क्षणी वाद घालायचं त्यांनी टाळलं. मला वाटतं ते बरंच केलं. त्याच आठवड्यात त्यांनी मुलांना टायफॉइड पाण्यातून कसा येतो ते शिकवलं आणि माझ्या शेजारची टाकी मोठ्या मुलांकडून घासून घेतली.

दोघी मैत्रिणी पुन्हा एका बाकावर बसू लागल्या. गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. पण सविता त्या शनिवारी पुन्हा आली. या वेळी सूप नव्हतं. शाळा सुटायला थोडा अवकाश होता. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "सर, ह्या पाखराखाली काय लिवलंय ते मला नीट वाचून दावा."

सरांनी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. "घुबडाइतकी शहाणी. आणि खाली तुमच्या मुलीचं नाव आहे."

सवितानं आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, अशी ती सवयीची नजर होती. मग ती हळूच म्हणाली, "म्हंजी तिकडं सायबाच्या देशात 'तुजी पोरगी घुबड हाय' असं कुनी म्हनलं तर मायनं खूश व्हायचं?"

"हो, ताई. मोठं कौतुक समजतात."

"आन हितं कुनी ऐकलं तर?"

"इथं म्हणतील, आई पोरीला शिव्या देते."

सविताच्या कपाळावर आठ्या पडल्या. अवघड हिशेब डोक्यात मांडताना मुलांच्या कपाळावर पडतात तशा. मी तिच्याकडं बघत होतो आणि मला कळेना की हिच्या मनात काय चाललं आहे.

"म्हंजी सर," ती सावकाश म्हणाली, "नजर लावनाऱ्याला वाटंल, मायच पोरीला वंगाळ म्हनायली, हिच्यात काय ठिवलंय. ते निघून जाईल. आन पोरीला तेवढं कळंल. असंच ना?"

सरांनी मान डोलावली.

"लय वर्षं झाली," सविता म्हणाली. "तिला चांगलं म्हनावं वाटतंय आन तोंड धरावं लागतंय. येकदा बी न्हाई म्हनले. तिला वाटत आसंल, मायला आपन आवडत न्हाई."

घंटा झाली. मुलं धावत बाहेर आली, टाकीवर गर्दी झाली, अप्पा दुकानाच्या दारात आले. कडूबाई आणि महेश्वरी मागून येत होत्या. सवितानं पदर सावरला, मोठा श्वास घेतला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडली.

"ए घुबडा! दप्तर उचल, चल घराकडं!"

टाकीवरचा गलबला थांबला. विरेशच्या तोंडातलं पाणी बाहेर आलं. "आरं देवा," अप्पा म्हणाले. महेश्वरीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले, पण बोटांच्या फटीतून तिचं हसू दिसत होतं. तिला कळलं होतं. कडूबाई मात्र जागच्या जागी उभी राहिली. तिनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा भिंतीवर माझ्याकडं पाहिलं, खालची ओळ डोळ्यांनी पुन्हा वाचली.

"काय म्हनलीस, माय?"

"घुबड म्हनले," सविता म्हणाली. आता तिचा आवाज थरथरत होता. "लय मोट्टं घुबड हाईस तू. आख्ख्या तालुक्यात तुज्यावानी घुबड न्हाई."

कडूबाई धावली. दप्तर खाली पडलं, ते महेश्वरीनं उचललं. आईच्या कमरेला तिनं अशी मिठी मारली की सविताला दोन पावलं मागं सरावं लागलं. दोघी हसत होत्या की रडत होत्या, ते माझ्या इतक्या मोठ्या डोळ्यांनाही नीट दिसलं नाही. गावानं मग आठवडाभर चर्चा केली, की सविता पोरीला चारचौघांत काय वाट्टेल ते बोलते.

मित्रांनो, मी खरोखर शहाणा आहे की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही, आणि माझा रंग उडण्याआधी ते कळेल असंही वाटत नाही. पावसाळा आला की पंखाचा आणखी एक पोपडा गळतो. सर नव्यानं रंगवू म्हणतात, पप्पू येतो येतो म्हणतो. माझी काळजी घेतलीत तर बरंच आहे, पण नाही घेतलीत तरी एक करा. तुमच्या घरात कुणी शहाणपणानं वागलं, लहान असो की मोठं, तर ते मनात ठेवून बसू नका. त्याच्या कानावर जाईल असं सांगा. बोलायला भीती वाटली, लाज वाटली, शब्द सापडला नाही, तर माझं नाव घ्या. त्याला खुशाल घुबड म्हणा आणि मग तो कसा हसतो ते पाहा.